उगमाशी जाऊन

(शास्त्रपाठ : 2 राजे 2:19-22)



एलीया वर घेतला गेल्यानंतर अलीशा संदेष्टा यरीहो नगरात राहिला असता तेथील लोक त्याजकडे आले व त्यांनी आपले गाऱ्हाणे त्यास सांगितले. त्यांच्या नगराची जागा उत्तम होती. खजुरीच्या झाडांविषयी ते प्रसिद्ध होते. परंतु तेथील पाणी वाईट होते आणि त्या पाण्यामुळे भूमी फळ धरीत नव्हती. तेव्हा अलीशाने एक नवे भांडे मागविले, त्यात मीठ घालावयास सांगितले, आणि ते घेऊन तो जेथून पाणी निघत होते त्या ठिकाणी गेला. तेथे त्याने मीठ टाकिले व परमेश्वराच्या नावाने त्या पाण्यास बरे केले.

ही कथा आम्ही शब्बाथ शाळेत शिकलो आणि पुढे अनेक मंडळ्यांत शिकविली. परंतु अलीकडे ती वाचू लागलो म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे यरीहोचा झरा येत नाही, आपली पंचगंगा येते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र होतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे लोक मानितात. तेथून सुमारे 80 किलोमीटर वाहून ही नदी नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. सह्याद्रीचा पाऊस, काळी जमीन, ऊस व भात, दुभती जनावरे, कष्टाळू माणसे, असे या खोऱ्यास देवाने काय कमी दिले आहे? यरीहोप्रमाणेच आपलीही जागा उत्तम आहे. आणि यरीहोप्रमाणेच आपलेही पाणी वाईट झाले आहे.

काही वर्षांमागे नदीकाठच्या एका लहान मंडळीत आम्ही एका बालकाचा बाप्तिस्मा करावयास गेलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. काठावरील कोणतेही गाव समजावे. मे महिन्याचे दिवस होते. त्या मंडळीत जुन्या पाळकांच्या काळापासून अशी चाल आहे की, बाप्तिस्म्याचे पाणी बालकाच्या आजीने सकाळी नदीहून भरून आणावे. मंदिर व नदी यांत शंभर पावलांचेही अंतर नाही. परंतु त्या दिवशी मेजावर पितळी तांब्याशेजारी दुकानातून आणलेला पाण्याचा जार ठेविलेला दिसला. आम्ही वडिलांकडे पाहिले. ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, नदीचं पाणी लेकराच्या कपाळाला लावण्याजोगं राहिलं नाही."

उपासनेला अवकाश होता म्हणून आम्ही काठावर गेलो. पाणी काळपट तपकिरी झाले होते व त्याची दुर्गंधी सुटली होती. केंदाळाच्या कडेला मेलेले मासे पोटे वर करून पडले होते आणि कुत्रीदेखील त्यांस तोंड लावीत नव्हती. बालकाची आजी आमच्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, ह्याच पान्यावर म्या सा लेकरं वाढिवली. आता देवाच्या घरात बी पानी इकत आनायचं व्हय?"

आम्ही बाप्तिस्मा दिला. पाणी विहिरीचे असो की विकतचे असो, प्रभूचा करार त्याने अडत नाही. परंतु त्या वृद्ध भगिनीच्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, आणि ते का दिले नाही हे आज कबूल केले पाहिजे. त्या मंदिरावरील पत्रे दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याने दिले होते. ते घालते वेळी आम्हीच व्यासपीठावर उभे राहून आभार मानिले होते. मासे कशाने मेले हे गावात सर्वांस ठाऊक होते. तरी त्या पत्र्याखाली उभे राहून नदीचे नाव काढण्याचा धीर आम्हांस झाला नाही. त्या दिवशी आम्ही सहनशीलतेवर उपदेश केला. आज जे लिहीत आहोत ते त्या दिवशी बोलावयास पाहिजे होते.

तर आता या शास्त्रपाठातून तीन गोष्टी आपण शिकू या.

पहिली गोष्ट : यरीहोच्या लोकांनी रोग लपविला नाही.

ते संदेष्ट्याकडे आले तेव्हा त्यांनी आपल्या नगराची निंदा केली नाही; जे चांगले होते त्यास चांगले म्हटले. आणि पाणी आमच्या नशिबीच वाईट आहे असेही ते म्हणाले नाहीत. जे वाईट होते त्यास वाईट म्हटले. सत्य बोलण्याची हीच रीत आहे. आपणही तसेच बोलू या. साखर कारखान्यांनी या भागात अन्न आणिले, हे चांगले आहे. इचलकरंजीच्या मागांनी हजारो घरांत चूल पेटविली, हेही चांगले आहे. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे त्यांवर जगतात. परंतु पाणी वाईट झाले आहे, हेही खरे आहे.

ते कसे वाईट झाले, हे समजून घेणे कठीण नाही. उसाचा रस काढून साखर केल्यावर मळी उरते. मळी आंबवून तिच्यापासून मद्यार्क गाळितात. एक लिटर मद्यार्कामागे सुमारे 8 ते 15 लिटर तपकिरी सांडपाणी निघते. त्यास कारखान्यातील लोक स्पेंट वॉश म्हणतात. त्यात कोणी मुद्दाम विष कालविलेले नसते. तो उसाचाच उरलेला अंश असतो. मग मासे का मरतात? तर नदीच्या पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू असतो व त्यावर मासे जगतात. माशांच्या जगण्यासाठी एका लिटर पाण्यात निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे आपल्या देशाचे मान आहे. हे सांडपाणी नदीत शिरले की सूक्ष्म जंतू ते खाऊ लागतात, आणि खाताना पाण्यातील सर्व प्राणवायू ओढून घेतात. या प्राणवायूच्या भुकेचे माप शास्त्रज्ञ करितात. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यास ती भूक लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत असावी, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. प्रक्रिया न केलेल्या स्पेंट वॉशची भूक 40 हजारांच्या घरात असते. म्हणून त्याचा एक थेंबही नदीत जाऊ नये असा नियम आहे. एवढी भूक रात्रीतून नदीत सोडली तर पाण्यात असूनही मासे गुदमरतात. आम्ही जे मासे पाहिले ते असे श्वासावाचून मेले होते.

परंतु बंधुजनहो, केवळ कारखान्याकडे बोट दाखविल्यास आपण अर्धेच सत्य बोललो असे होईल. नदीत सर्वांत अधिक घाण शहरांच्या व गावांच्या सांडपाण्याची जाते. कोल्हापुरातील जयंती नाल्याचे मैलापाणी कित्येक वर्षे याच नदीत मिसळत आले. इचलकरंजीत कापड धुण्याचे व रंगविण्याचे पाणी तर आहेच, परंतु 2012 साली तेथे काविळीची जी साथ आली ती रंगाने आली नाही. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने आली. हजारो लोक आजारी पडले व कित्येक घरांत माणसे दगावली. कावीळ कोणाची जात वा धर्म विचारून आली नाही. नदी ही सर्वांची एकच धमनी आहे. वरच्या गावाने जे टाकिले ते खालच्या गावाच्या घागरीत येते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या 34 व्या अध्यायात परमेश्वर काही मेंढरांचा दोष काढितो. त्यांनी स्वतः निवळ पाणी प्यावे, आणि जे उरले ते पायांनी गढूळ करून दुबळ्या मेंढरांस प्यावयास ठेवावे, हे त्यास अल्प अपराध वाटत नाही. जो देव एवढे बारकाईने पाहतो, त्याच्यापुढे आपले खोरे उघडे आहे.

दुसरी गोष्ट : संदेष्ट्याने नवे भांडे व घरचे मीठ मागविले.

येथे शेतकरी बंधूंनी क्षणभर थांबावे. मीठ भूमीचे काय करिते हे शिरोळ तालुक्यातील लोकांस सांगावयास नको. उसाला पाण्यावर पाणी पाजून तेथील पुष्कळ जमीन क्षारपड झाली, वर पांढरी खपली धरली, आणि जेथे आजोबांनी गहू काढिला तेथे आज गवतही नीट उगवत नाही. म्हणून अलीशाने मीठ मागविले तेव्हा यरीहोच्या एखाद्या शहाण्या कुणब्याने मनात म्हटले असेल की, हा मनुष्य पाणी बरे करणार की उरलेली भूमीही घालविणार? यावरून स्पष्ट होते की, गुण मिठात नव्हता. सामर्थ्य परमेश्वराचे होते. परंतु मीठ त्या लोकांच्याच घरचे होते. देवाने आकाशातून काही पाडले नाही. त्याने त्यांच्या स्वयंपाकघरातील एक साधी वस्तू मागितली, आणि ती ठेवावयास ज्यास पूर्वीचा वास नाही असे नवे भांडे मागितले.

प्रभु येशूने आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली आहे. तर देव आज आपल्या घरचे काय मागतो? प्रथम तो आपल्याच दारात पाहावयास सांगतो. औषध फवारल्यावर पंप ओढ्यात धुणारे आपल्यात आहेत की नाहीत? लग्नाच्या जेवणाच्या पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले व पिशव्या नाल्यात लोटणारे आपल्यात आहेत की नाहीत? शौचालय बांधून त्याची नळी गुपचूप ओढ्यास जोडणारे आपल्यात आहेत की नाहीत? आपल्या हिंदु शेजाऱ्यांकडे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यात हजारो घरांनी गणपतीची मूर्ती नदीत न सोडता ती दान देण्याची रीत पत्करिली. ही चाल त्यांस बापदादांपासून प्रिय होती. नदीसाठी त्यांनी ती बदलिली. आपण जे स्वतःस मीठ म्हणवितो, त्या आपण नदीसाठी काय सोडिले?

आणि नवे भांडे म्हणजे काय? जक्कयाच्या घरी प्रभु गेला तेव्हा जक्कयाने केवळ अश्रू ढाळिले नाहीत. ज्यांचे त्याने बुडविले होते त्यांस चौपट परत देण्यास तो सिद्ध झाला. पश्चात्तापास हिशेब असतो. त्या मंडळीतील वडिलांबरोबर बसून आम्ही पत्र्यांची गोष्ट काढिली. पुष्कळ बोलणे झाले. एक वृद्ध बंधू म्हणाले की, पत्रे उतरवून टाकणे म्हणजे गरिबांच्या डोक्यावरील सावली काढणे होय, आणि ते खरे होते. शेवटी असा ठराव झाला की पत्रे राहू द्यावे, परंतु जो कोणी नदीत घाण सोडितो त्याच्याकडून यापुढे मंदिरासाठी एक रुपयाही घ्यावयाचा नाही, आणि पत्र्यांविषयी पूर्वी मानलेल्या आभारांमुळे आमची तोंडे बंद राहणार नाहीत हे सर्वांसमोर सांगावयाचे. मंडळी गरीब आहे. भिंतींना अजून गिलावा नाही. तरी त्या दिवसापासून तेथे उपदेश करिताना आमचा आवाज मोकळा झाला.

तिसरी गोष्ट : अलीशा उगमाशी गेला.

त्याने प्रत्येक घरच्या रांजणात चिमूटभर मीठ टाकिले असते तर लोक संतुष्ट झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी रांजण पुन्हा वाईट पाण्याने भरले असते. आज आपण नेमके हेच करितो. ज्यास परवडते तो जार विकत घेतो अथवा घरात शुद्धीचे यंत्र बसवितो, आणि नदीला विसरतो. ज्यास परवडत नाही तो ते पाणी पितो. अशाने रांजण बरा होतो, झरा नाही.

लंडन शहराच्या थेम्स नदीची गोष्ट येथे उपयोगी आहे. 1858 च्या उन्हाळ्यात त्या नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे औषधात भिजवून लावावे लागले. तेव्हा जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअराच्या देखरेखीखाली मोठमोठी गटारे बांधून शहराचा मैला खालच्या अंगास नेण्यात आला. शहरातील पटकी हटली, हा मोठाच लाभ झाला. परंतु घाण नाहीशी झाली नव्हती, पुढे ढकलली गेली होती. पुढे शहर वाढले, आणि 1957 साली तेथील शास्त्रज्ञांनी सांगितले की लंडनजवळ थेम्स नदी मेलेली आहे. तेव्हा कोठे लोकांनी मुळाकडे पाहिले. मैला शुद्ध करण्याची केंद्रे सुधारली, कारखान्यांवर कायद्याचा लगाम बसला, आणि 1974 साली त्या नदीत सामन मासा सापडला. सुमारे 140 वर्षांत तो तेथे दिसला नव्हता. घाण खालच्या गावाकडे ढकलणे म्हणजे शुद्धी नव्हे. कोल्हापूरने इचलकरंजीकडे, इचलकरंजीने शिरोळकडे, शिरोळने कर्नाटकाकडे ढकलावे, हा आपला आजचा धर्म झाला आहे. अलीशाचा धर्म याच्या उलट आहे.

उगमाशी जाणे सोपे नाही, कारण उगमाशी माणसे असतात व त्यांचा पैसा असतो. जपान देशात वातारासे नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगास आशिओ येथे तांब्याची मोठी खाण होती. खाणीच्या धुराने डोंगर उघडे पडले, तिचे विष नदीत उतरले, मासे मेले आणि 1890 च्या पुराने ते विष शेतांवर पसरले. त्या भागातून निवडून आलेला तनाका शोझो नावाचा एक प्रतिनिधी होता. 1891 पासून तो राष्ट्राच्या सभेत वारंवार उठून शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मांडीत राहिला. कोणी ऐकेना, तेव्हा 1901 साली त्याने आपली जागा सोडिली आणि डिसेंबरात प्रत्यक्ष सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज घेऊन धाव घेतली. त्यास वेडा म्हणून सोडून देण्यात आले. 1902 साली एका दुसऱ्या कारणावरून तो तुरुंगात पडला असता त्याने नवा करार वाचिला, आणि पुढे तो ग्रंथ त्याने सोडिला नाही.

नंतर सरकारने ठरविले की पुराचे पाणी साठविण्यासाठी यानाका नावाचे खेडे उठवावे. त्यावेळी तनाका साठीच्या पलीकडे होता. 1904 साली तो त्या खेड्यात राहावयास गेला. 1907 साली शेवटच्या कुटुंबांची घरे पाडण्यात आली, तरी तो त्या लोकांस सोडून गेला नाही. 1913 साली तो मरण पावला तेव्हा त्याच्यापाशी एक पिशवी होती. तीत नवा करार, देशाच्या राज्यघटनेची प्रत, त्याची दैनंदिनी आणि नदीकाठचे काही खडे होते. ती त्याची सर्व संपत्ती. ती खाण 1973 साली बंद झाली. यानाकाच्या भूमीवर जी पाणथळ झाली तिला 2012 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. आशिओच्या उघड्या डोंगरांवर लोक आजही झाडे लावीत आहेत.

बंधुजनहो, हा मनुष्य कोणत्याही मंडळीत नोंदलेला सभासद नव्हता. परंतु आपण सभासद आहोत, आपल्या हाती तोच नवा करार आहे, आणि काठावर तसेच खडे आहेत. तो पीडितांसाठी दुरून बोलून थांबला नाही; त्यांच्यात जाऊन राहिला. आपला तारणारा असाच आला. त्याने स्वर्गातून उपदेश धाडिला नाही. तो नासरेथच्या धुळीत राहिला व विहिरीकाठी बसून एका परक्या स्त्रीपाशी पाणी मागितले.

आता आपल्याकडील एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आमचे मन जड होते. वर सांगितलेल्या ठरावानंतर त्या मंडळीतील वडील व आम्ही ग्रामसभेस गेलो. एक तरुण बंधू एका कारखान्यात सांडपाण्याच्या कामावर रोजंदारीने होता. आम्ही त्यास बोलावयास सांगितले नव्हते. परंतु तो स्वतः उठला, आणि व्हॉल्व्ह कोणत्या रात्री, किती वाजता उघडला जातो हे त्याने सर्वांसमोर सांगितले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले, पाण्याचा नमुना घेतला गेला, नोटीस निघाली. त्या बंधूचे काम आठ दिवसांत गेले. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, "उपदेश तुमी केला, पोट माझ्या पोराचं मारलं गेलं." आम्ही तिच्यापुढे मान खाली घातली. तिचे म्हणणे खोटे नव्हते.

मंडळीने मात्र तिला उत्तर दिले. भगिनीमंडळाने मुठीचे धान्य काढण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली. भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी प्रत्येक घराने एक मूठ वेगळी ठेवावयाची, व शनिवारी ते सर्व त्या घरी पोहोचवावयाचे. पाच महिने हे चालले. त्यात रोजगारावर जाणाऱ्या विधवांचीही मूठ होती. पुढे त्या बंधूस दुसरे काम मिळाले. ज्यास सत्यासाठी उगमाशी जावयाचे आहे, त्याच्या घरची चूल मंडळीने राखली पाहिजे. मंडळी जर हे करणार नसेल, तर तिने दुसऱ्याच्या मुलास धैर्याचा उपदेश करू नये.

कोणी विचारील की, नदी बरी झाली काय? त्या वर्षी उन्हाळाभर पाणी पुष्कळ निवळ राहिले. पुढील वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात पुन्हा एकदा मासे तरंगले. आम्ही पुन्हा अर्ज केला. काम चालले आहे. कसबा बावडा येथे रोज 7 कोटी 60 लाख लिटर मैलापाणी शुद्ध करू शकणारे केंद्र उभे राहिले आहे. परंतु केंद्र बांधणे व ते रात्रंदिवस नीट चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीवर लक्ष ठेवणे हे काठच्या लोकांचे काम आहे.

उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंती आहे. तुम्ही गावात राहता. तुमचे डोळे आमच्याहून जवळ आहेत. पाण्याचा रंग वा वास बदलला तर दिवस, वेळ व ठिकाण वहीत लिहून ठेवा व फोटो काढा. कोणा एकाने सही करण्याऐवजी गावातील सर्व धर्मांच्या लोकांच्या सह्या घेऊन अर्ज सरपंच व प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांस द्या आणि त्याची पोच घ्या. 1974 च्या कायद्याने नदीत जाणूनबुजून घाण सोडण्यास मनाई आहे. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सभासद आहे, मग त्यास जमीन असो वा नसो. हे आपल्या भूमिहीन बंधूंस समजावून सांगा. आणि ज्यांचा सहकारी कारखान्यात भाग आहे त्यांनी वार्षिक सभेत साखरेच्या दराबरोबर सांडपाण्याचाही हिशेब विचारावा. सहकारी कारखान्याचा मालक त्याचा सभासद आहे. तेव्हा उगम कोठे दूर नाही, तो पुष्कळदा आपल्याच सहीत आहे. हे सर्व करिताना कोणाचा द्वेष करू नका. व्हॉल्व्ह उघडणाराही कोणाच्या तरी हुकमाचा ताबेदार असतो, व त्याचीही मुले हेच पाणी पितात.

शेवटी आशेचे एक वचन आठवू या. यहेज्केलाच्या 47 व्या अध्यायात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघते व वाढत वाढत नदी होते. ती जेथे जाते तेथे मेलेले पाणी जिवंत होते, मासे विपुल होतात, कोळी आपली जाळी वाळत घालितात. देवाच्या दृष्टान्तात माशांनाही जागा आहे, हे लक्षात ठेवा. आणि ती नदी कोठून निघते? उपासनेच्या ठिकाणाहून. आज आपल्या मंदिरांच्या उंबऱ्यातून बाहेर काय वाहते? गीते वाहतात, प्रार्थना वाहतात; सत्य व धैर्य वाहते काय?

आम्ही असे म्हणत नाही की नदी निवळली म्हणजे देवाचे राज्य आले. मनुष्याच्या अंतःकरणाचा झरा ख्रिस्तावाचून बरा होत नाही, आणि लोभ तेथूनच निघतो. परंतु ज्याचे अंतःकरण ख्रिस्ताने बरे केले, तो शेजाऱ्याच्या घागरीत घाण जाऊ देऊन स्वस्थ बसू शकत नाही. पवित्र शास्त्र म्हणते की, यरीहोचे पाणी पुढेही चांगले राहिले. आमची इच्छा एवढीच आहे की त्या बालकाचे जेव्हा लग्न होईल व त्यास लेकरू होईल, तेव्हा त्याच्या घरच्या आजीने पहाटे घागर घेऊन नदीवर जावे, आणि भरलेली घागर निःशंकपणे मंदिरात आणावी.

हे परमेश्वरा, तू झरे निर्माण केलेस व ते फुकट दिलेस. आम्ही भीतीने गप्प राहिलो, आमची क्षमा कर. आम्हांस नवे भांडे कर, आमच्यात मीठ घाल, आणि उगमापर्यंत चालण्याचे बळ दे. ज्यांनी सत्यासाठी भाकर गमावली त्यांस तू भाकर दे, आणि ती आमच्या हातून दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.